न उघडलेला गिअरबॉक्स

गयासोद्दीनभाईंनी गिअरबॉक्समधलं थोडं ऑइल स्टीलच्या वाटीत काढलं आणि वाटी माझ्या नाकाजवळ धरली.

"वास घ्या ताई."

करपलेला वास होता. ऑइल मुळात लाल असतं, असं ते म्हणाले. वाटीतलं काळं पडलं होतं.

"ही गाडी कोणी ओढून आणेल हाय का? इंजिन बंद ठेवून?"

"हो. दोन महिन्यांपूर्वी."

"किती लांब?"

"वीसेक किलोमीटर."

त्यांनी वाटी खाली ठेवली आणि हात पुसले. जुन्या जालन्यातल्या त्या बोळात समोरच्या दुकानासमोर हमाल पोती उतरवत होते. त्यांची हाळी थांबल्यावर गयासोद्दीनभाई बोलले. "साध्या गिअरची गाडी ओढली तर बहुतेक काही होत न्हाई. ही ऑटोमॅटिक. हिचा पंप इंजिनवर चालतो, तो आतमधी ऑइल फिरवतो. इंजिन बंद, आन चाकं फिरून राह्यली, मंग आत सगळं कोरडं घासलं. ओढणाऱ्याला काय म्हाईत बिचाऱ्याला."

ओढणारे मच्छिंद्रकाका होते.

माझ्या वडलांना, आप्पांना, सहा वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि डावा पाय अधू झाला. क्लच दाबता येईना. घरात बसतील असं सगळ्यांना वाटलं, पण त्यांनी संभाजीनगरहून ही वापरलेली ऑटोमॅटिक पिकअप आणली आणि आमच्या शेडनेटमधलं मिरचीचं बियाणं पुन्हा स्वतः पोचवायला लागले. आमच्या गावात, धावड्यात, अशी दुसरी गाडी नव्हती. मच्छिंद्रकाका आमचे बांधाशेजारी आणि आप्पांचे लहानपणापासूनचे मित्र. आप्पांना ते तात्या म्हणत आणि या गाडीला 'लंगड्याची घोडी'. आप्पा त्यावर दर वेळी हसत.

दोन महिन्यांपूर्वी भोकरदनहून परतताना आप्पांच्या छातीत दुखलं. त्यांनी गाडी नीट कडेला घेतली, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. मागून येणाऱ्या जीपवाल्यांनी त्यांना दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही. मी तेव्हा पुण्यात होते. दुपारी मच्छिंद्रकाकांचा फोन आला. बातमी त्यांनी सांगितली आणि मग विचारलं, "गाडी रस्त्यावर उभी हाय. तिचं काय करू?" मी म्हणाले, "तुम्हाला बरोबर वाटेल ते करा काका."

तात्याची गाडी रस्त्यावर बेवारशासारखी उभी राहू नये, एवढंच त्यांना बरोबर वाटलं. चालवायची तर क्लच नाही, कशी चालवतात ते ठाऊक नाही. एन म्हणजे न्यूट्रल, इतकं कळत होतं. त्यांनी गावातल्या भागवतला ट्रॅक्टर घेऊन बोलावलं, दोर बांधला आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. इंजिन बंद असल्यामुळे स्टिअरिंग दगडासारखं जड झालं होतं. गाडी दारात लावून खाली उतरले तेव्हा त्यांचे दोन्ही तळहात सोलून निघाले होते. त्याच हातांनी त्यांनी नंतर खांदा दिला.

मी तेराव्यानंतर पुण्याला परत गेले नाही. पुस्तकांची मुद्रितं तपासायचं माझं काम कुठूनही होतं. आई जाऊन बारा वर्षं झाली. घरात मी एकटी. मच्छिंद्रकाका रोज सकाळी येत, ओट्यावर बसत आणि आप्पांबद्दल काहीतरी एक सांगून जात. कधी कुस्तीतलं, कधी कोर्टातलं, कधी नुसतं 'तात्याला कारल्याची भाजी लई आवडायची' एवढंच. गावात बाकी कुणी माझ्यासमोर आप्पांचं नाव काढत नव्हतं. मला वाईट वाटू नये म्हणून टाळत होते. दिवसातून एकदा ते नाव कुणाच्या तरी तोंडून ऐकायची मला सवय लागली होती.

"आता दोन रस्ते हायेत," गयासोद्दीनभाई म्हणाले. "हाच खोलून पुन्हा बांधायचा. पार्ट दिल्लीहून येतील, महिना लागेल, पण बराबर बांधला की बिलकुल चिंता न्हाई. न्हाई तर अपघातातल्या गाडीचा बसवायचा. तो तीन दिवसांत बसतो. पण त्याच्या आत काय हाय ते खुदा जाने. माझं विचाराल तर बांधा."

मलाही बांधायचाच होता. आप्पांनी सहा वर्षं चालवलेला तोच गिअरबॉक्स, तोच राहावा. मी तसं म्हणणार तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "खोलताना मात्र समोर बसावं लागेल. मालकासमोर खोलायचा ही माझ्या वडलांपासूनची रीत हाय. एकेक पार्ट कपड्यावर मांडून दाखवतो, कशानं गेला ते सांगतो, आन जुना माल गोणीत भरून देतो. मागून कोणी म्हणायला नको, की चांगलं काढून घेतलं."

"आमचे काका येतील सोबत. त्यांनीच ओढली होती गाडी. त्यांच्यासमोर कारण सांगू नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी न सांगायला काय झालं? पण प्लेटा जळेल दिसतात ना. त्यांनी विचारलं, तर झूट न्हाई बोलणार मी. बदलायचा असला तर सवाल न्हाई. दुसरा देणारा जुना बंदच्या बंद घेऊन जातो."

काका विचारणारच होते. जन्मभर त्यांनी स्वतःचं इंजिन स्वतः खोललं होतं. आणि 'खोलतील तवा मी येतो, तुला फसवतील' हे त्यांनी आदल्याच दिवशी बजावलं होतं.

गुरुवारी आम्ही दोघं बसने जालन्याला गेलो. काकांनी गयासोद्दीनभाईंसाठी पिशवीभर शेंगा आणल्या होत्या.

"काय भाई, पेशंट वाचल का?"

"वाचेल की. कोणतं ऑपरेशन करायचं ते ताई सांगतील."

"त्यात काय सांगायचं? खोला. मी पाट घेऊन बसतो समोर."

मी म्हणाले, "काका, बदलायचा ठरवलाय मी."

त्यांना वाटलं मला कळलेलं नाही. "बदलायचा म्हंजी कुणाचातरी मेलेल्या गाडीचा? अगं, आपला नीट व्हून राह्यला तर दुसऱ्याचा कशाला? भाई, तुम्हीच सांगा."

गयासोद्दीनभाई हत्यारांच्या पेटीत पाना शोधू लागले. "बांधलेला जास्त टिकतो, ही गोष्ट खरी. मर्जी मालकाची."

"ऐकलं? महिनाभर थांबायला काय झालं तुला?"

"लवकर हवी आहे."

"कशाला लवकर?"

हजारो पानांमधल्या चुका शोधून पोट भरणाऱ्या मला एक साधं खोटं वेळेवर सुचलं नाही. काकांनी मग स्वतःच कारण शोधलं.

"विकायची हाय तुला."

मी नाही म्हणू शकले असते. मग 'का' हा प्रश्न तिथेच राहिला असता, आणि ते उत्तर मिळेपर्यंत उठले नसते.

"बघू," मी म्हणाले.

"बघू?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "तात्या मेल्या पायानं जिला चालवत होता, ती तू तीन दिवसात ठीकठाक करून गिऱ्हाइकाला दाखवणार. आधी सांगायचं व्हतं साधना. मी कशाला आल्तो मंग?"

ते निघाले. मी मागे बोळाच्या तोंडापर्यंत गेले. ते एका रिक्षात बसले. मागे वळून पाहिलं नाही.

दुपारी गिअरबॉक्स खाली उतरवला. तो दोघांनी उचलून टेम्पोत ठेवेपर्यंत मी उभी होते. गयासोद्दीनभाई हळू आवाजात म्हणाले, "ताई, अजून येळ हाय. काका गेले. आता खोलून बांधू शकतो आपण."

"आणि गोणी? उद्या ते घरी येऊन बघतील."

"आता येतील ते?"

मी टेम्पोचं मागचं फळकं लावलं. त्यांनी टेम्पोवाल्याला जायची खूण केली.

रविवारी गाडी घेऊन निघाले. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना बारीक हिसका बसत होता. भाई म्हणाले होते, त्याला तुमच्या पायाची सवय होऊ द्या. भोकरदनच्या स्टँडजवळ काका बसची वाट बघत उभे दिसले, हातात खताची रिकामी पिशवी. मी गाडी कडेला घेतली आणि डाव्या बाजूची काच खाली केली.

"काका, बसा ना. घरीच चाललेय."

त्यांनी आधी चाकांकडे पाहिलं, मग बॉनेटकडे.

"बराबर चालती का?"

"चालते."

"मंग गिऱ्हाईक भेटल," ते म्हणाले. "तू जाय. माझी बस येऊन राह्यली."

रस्ता मागे लांबपर्यंत रिकामा होता. ते दुसरीकडे बघत होते. मग मी काच वर केली आणि ब्रेकवरचा पाय उचलला.