चारही खोल्या

खिडकीची कडी गंजून घट्ट बसली होती. अनुपमानं ओढणी हाताला गुंडाळून दुसरा झटका दिला, तसा पल्ला उघडला आणि रंगारीफैलचा सगळा मोहल्ला एकदम घरात शिरला. खालच्या कचोरीवाल्याच्या कढईचा वास, समोरच्या बँडवाल्याच्या दुकानात कुणीतरी परत परत चुकवत असलेली एकच धून, शिकवणी सुटलेल्या पोरींच्या सायकली, पेरूच्या गाडीवरचा भोंगा. खामगावात राहायचं तर इथं, असं ती सहावीपासून म्हणत आली होती.

"आई, पाह्य ना! शाळेची टाकी दिसते इथून. पहिली घंटा आयकून निघाली तरी पोचते मी."

जयमाला खिडकीपाशी आली नाही. इसाराच्या पैशांची कापडी पिशवी काखेत दाबून ती भिंतीला टेकून उभी होती. सकाळपासून ती जेमतेम चार शब्द बोलली असेल. याआधी तीन घरं हातातोंडाशी येऊन गेली होती आणि तिन्ही वेळा आपणच आधी बोलून बसलो म्हणून गेली, असं तिनं मनाशी धरलं होतं.

"हळू बोल," ती म्हणाली. "आपलं नाई झालं अजून."

अनुपमानं पल्ला अर्धा ओढून घेतला. भाजीबाजारात बाबांचा गाळा पक्का होता, पण घर कधीच नाही. दर अकरा महिन्यांनी नवा करार, नवी खोली, नवी घरमालकीण. आताच्या मालकानं पोराच्या लग्नासाठी महिनाअखेर खोली मागितली होती. दहावीची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती आणि तिची अर्धी पुस्तकं आत्ताच पोत्यात बांधलेली होती.

खाली बैठकीत तिचे बाबा अविनाश, घराचे मालक माणिकराव आणि दलाल हरिओम बसले होते. जिना उतरता उतरता तिच्या कानावर हरिओमचा आवाज आला.

"उद्या अकराले बाईचं हक्कसोडपत्र होऊन जाईन, अविनाशभाऊ. सोमवारी तुमची खरेदी. घर यायच्या वडलाचं हाये ना, म्हणून बहिणीचा हक्क लागते. तिनं तो सोडला का काम साफ."

"बहिणीची ना तर नाई ना काका?" अविनाशनं विचारलं.

माणिकरावांनी कपातला चहा फिरवला.

"बाई माह्या शब्दाबाहेर नाई. माह्यासंगंच येऊन राह्यली पुण्याले, पोराकडं."

हक्कसोड म्हणजे काय ते अनुपमाला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी साखरखेर्ड्याला आईनं वावरातला आपला वाटा मामांच्या नावे सोडला, तेव्हा तो कागद सगळ्यांसमोर तिनंच वाचला होता. 'काय खणखणीत वाचते पोट्टी!' मोठे मामा म्हणाले होते. हक्क सोडणाऱ्या बहिणीला द्यायच्या रीतीप्रमाणे आईला साडी मिळाली. ती साडी त्यानंतर पेटीतून कधी बाहेर आली नाही.

"अनू, मागची खोली पाहून ये," बाबा म्हणाले. "तुह्या अभ्यासाले होते का पाह्य."

अंगण छोटं होतं, सात-आठ पावलांचं. मागच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत एक म्हातारी खिडकीच्या उजेडात बसून साडीला फॉल लावत होती. तिच्याभोवती घड्या घातलेल्या साड्यांच्या थप्प्या होत्या आणि प्रत्येक थप्पीला नावाची चिठ्ठी टाचलेली होती.

"कोण गं? साडी न्यायले आल्ली का?"

"नाई आजी. घर पाहायले आलो आमी."

"हाव हाव, भाडोत्री! माणिक बोलला मले. ये, बस." तिनं मांडीवरची साडी सावरून जागा केली. ही माणिकरावांची थोरली बहीण सरस्वतीबाई, हे अनुपमाच्या लक्षात आलं. "माणिकच्या गुडघ्याचं ऑपरेशन हाये ना पुण्याले. दोन महिने पुढच्या खोल्या बंद ठेवण्यापरीस माणसं असलेली बरी. आयक, पाण्याचं सांगून ठेवते तुले. नळ नवव्या दिवशी येते. आधी वरची टाकी भरायची, मंग ड्रम. शेजारच्या बाया उलटं सांगतीन. त्यायचं आयकू नको, त्यायले त्यायचे ड्रम भरायचे रायते."

अनुपमा हसली. मग तिचं हसू कुठंतरी मधेच अडकलं.

"आजी, तुमी नाई जाऊन राह्यल्या पुण्याले?"

"मी कायले जाऊ? तिथं दोन खोल्यायत पाच जणं. पोराची बायको बोलावते का मले?" ती आपल्याशीच हसली. "मी इथंच. उद्या फकत माणिकसंगं ऑफिसात जायचं. निराधारच्या पैशाले आता अंगठा पायजे म्हणते."

बाहेर बँडवाल्याची धून पुन्हा त्याच जागी चुकली. अनुपमानं जवळच्या थप्पीवरची चिठ्ठी उगाच सरळ केली.

"ही कोणाची साडी, आजी?" काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं.

"माही." सरस्वतीबाईनं पदर उलगडून तिच्या गुडघ्यावर टाकला. गर्द डाळिंबी, काठाला जर. "हात लावून पाह्य. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या साड्या चालल्या माह्या हाताखालून. भाव मले नजरेतच समजते. माणिक दिवाळीले सुती आणते, साधी. राखीले तेही नाई. आन् आता सण ना वार, परवा ही घेऊन आला. माह्या तोंडाकडं पाह्यलं नाई त्यानं. खाटेवर ठेवली आन् गेला."

सुई थांबली. म्हातारी दाराकडं एकदा बघून घेऊन पुढं वाकली. तिचा आवाज एवढा खाली आला, की अनुपमालाही वाकावं लागलं.

"तू शिकेल दिसतं. मले सांग पोरी, काऊन आणली असंन?"

बोलायला अनुपमाला कधी शब्द शोधावे लागत नसत. या वर्षी तालुक्याच्या वक्तृत्वात ती पहिली आली होती. माइक नसला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जातं, असं परीक्षक म्हणाले होते. आता ती नुसती जरीच्या काठावरून बोट फिरवत होती.

"रंग चांगला हाये," ती म्हणाली.

सरस्वतीबाई तिच्या चेहऱ्याकडं पाहत राहिली. मग तिनं पदर हळूच ओढून घेतला.

अनुपमा अंगणात आली. म्हातारीला खरं सांगितलं तर घर गेलं. महिनाअखेर पोती, भाजीचा ऑटो, आणखी कुठली तरी खोली. बाबा काही बोलणार नाहीत आणि त्यांचं न बोलणंच तिला सोसायचं नाही. नाही सांगितलं तर सोमवारनंतर त्या खिडकीच्या उजेडात आपलं टेबल.

आईला सांगू, असं ठरवून ती स्वयंपाकघरात गेली. जयमाला तिथं एकटीच होती. कडप्प्याच्या ओट्यावर ती हातानं वीत-वीत मोजत होती.

"इथं गॅस," ती पुटपुटली. "इथं डबे. अन् कोपऱ्यात देव." अनुपमाची चाहूल लागताच ती चोरी सापडल्यासारखी वळली. तिच्या तोंडावर जे होतं ते अनुपमानं किती तरी दिवसांत पाहिलं नव्हतं. "काय गं? काऊन अशी पांढरी पडली?"

"काई नाई."

"अनू!" बैठकीतून बाबांनी हाक मारली. "ये, हा कागद वाच. माही पोरगी वाचते हो काका, कागद ना कागद समजावून सांगते."

हरिओमनं इसारपावती लिहून तयार ठेवली होती. माणिकरावांचे हात मांडीवर होते आणि एका हातानं दुसरा घट्ट धरलेला होता. ते तिच्याकडं पाहत नव्हते. त्यांनाही भीती वाटतेय, हे तिला दिसलं आणि त्यानं ती जास्तच घाबरली.

ती वाचू लागली. लिहून देणार, लिहून घेणार, चतुःसीमा. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस बोळ. आवाज नेहमीसारखा येत नव्हता.

"जोरात वाच ना," अविनाश हसून म्हणाला. "काय झालं तुले आज?"

पुढची ओळ तिनं आधी डोळ्यांनी वाचली. मग ती पाय थोडे फाकवून उभी राहिली आणि तिनं शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं वाचलं:

"सदर घराच्या चारही खोल्या पूर्णपणे रिकाम्या करून, घर विकत घेणार यांच्या ताब्यात देण्यात येतील."

"अगं, बहिरे नाई आमी," हरिओम म्हणाला.

तिनं तीच ओळ पुन्हा वाचली. आणखी मोठ्यानं. 'चारही' आणि 'विकत' हे शब्द अंगणात जाऊन आदळले.

माणिकरावांनी डोळे मिटून घेतले होते. मागच्या खोलीत कात्री खाली ठेवल्याचा आवाज झाला. अनुपमाला वाटलं, आपण हे काय करून बसलो. मग अंगणातून चपला घासत आल्या.

सरस्वतीबाई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. श्वास लागला होता तिला.

"बाई, मी सांगणारच होतो तुले," माणिकराव उठत म्हणाले. "आईच्यान. तोंडच होत नव्हतं."

तिनं भावाकडं पाहिलं नाही. ती अविनाशकडं वळली.

"तुमी घरची किती जणं?"

"तिघं," अविनाश म्हणाला. काय चाललंय ते त्याच्या अजून नीट ध्यानात येत नव्हतं.

"तिघं." म्हातारीनं मान हलवली. "आन् खोल्या चार."

हरिओम कसंनुसं हसला. "मावशी, एक खोली तुमच्याकडं रायली, असं कागदात नसते चालत. ताबा म्हंजे..."

त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. अविनाशला हळूहळू समजत गेलं आणि त्यानं अनुपमाकडं पाहिलं. ती नजर तिला ओळखीची नव्हती. त्यात राग आहे की काय, हे शोधण्याचं धाडस तिला झालं नाही; तिनं कागद घडी घालून हरिओमपुढं ठेवला.

जयमाला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. पिशवी अजून तिच्याच काखेत होती. तिनं नवऱ्याला काही विचारलं नाही, माणिकरावांनाही नाही. सरस्वतीबाईकडं ती एक पाऊल पुढं आली.

"मावशी," ती म्हणाली, "तुमाले माह्या हातचं तिखट चालते का?"