तिसऱ्या तोफेपाशी

"...आणि माझा गोळा असा सणसणत गेला, की गोऱ्या कप्तानाची टोपी उडून थेट माझ्या मासळीच्या कालवणात!"

तोकुजी नावाडी सांगत होता आणि शिमोनोसेकीच्या धक्क्यावरचं चहाचं दुकान हसत होतं. गेली बावीस वर्षं ती टोपी दर खेपेला थोडी मोठी होत आली होती.

तेवढ्यात कचेरीतला कारकून हारादा आत आला. मागे ओशिगे, बुनसुके सुताराची बायको.

बावीस वर्षांपूर्वी चार गोऱ्या देशांच्या आरमारांनी मिळून इथल्या किनाऱ्यावरच्या तोफा बंद पाडल्या होत्या. हरलेल्यांनी पुढे त्याच गोऱ्यांच्या बंदुका विकत घेतल्या, देशावर राज्य करणाऱ्या शोगुनला घरी बसवलं, आणि आता तोक्योत मंत्री होऊन ते त्या लढाईतल्या मेलेल्यांसाठी स्मारकाचा दगड उभारत होते. दगडावर बुनसुकेचं नाव नव्हतं. त्याचं प्रेत कुणी पाहिलं नव्हतं. पळाला असेल, असं गाव म्हणे.

"तोकुजीबाबा, उद्यापासून नावं कोरायची थांबणार," ओशिगे म्हणाली. "तुम्ही तिथं होतात ना? पाहिलंत का यांना?"

"पाहिलं. तिसऱ्या तोफेपाशी पडला होता."

हारादा हसला. "आजोबा, तोफखान्याची यादी आहे माझ्याकडे. तुमचं नाव नाही तिच्यात. थापा चहाबरोबर ठीक, दगडावर नकोत."

"टोपीची साक्ष काढा, साहेब!" कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं.

ओशिगे वळली. "चला साहेब. उगीच आले मी."

"थांबा वहिनी." तोकुजीला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. "मी लढलोच नाही. डोंगरात लपलो होतो. सगळं थंडावल्यावर खाली आलो, तर गोरे आपल्या तोफा ओढून होड्यांत घालत होते. त्यांनी हात केला, मी गेलो. दोर ओढला. हसत ओढला, वहिनी! तोफा गेल्या की गावावरचे गोळे थांबतील म्हणून. तिसरीचं चाक अडलं. खाली बुनसुके. माझी होडी दुरुस्त करून दिली होती त्यानं, चेहरा कसा चुकेल? मी त्याला... पायानं बाजूला सारलं. मग गोऱ्यांनी सगळी प्रेतं एकाच खड्ड्यात लोटली."

कुणी हसलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या गोष्टीवर सगळ्यांचा विश्वास बसला होता.

हारादाने दौत उघडली. "साक्षीदार तोकुजी. तिथं काय करत होता म्हणून लिहू?"

"सांगितलं तेच लिहा."

"डोळे उघडे होते त्यांचे?" ओशिगेने विचारलं.

"होते."

"मिटलेत तुम्ही?"

"दोन्ही हातांत दोर होता."

 ओशिगेनं कमरेत वाकून त्याला नमस्कार केला आणि बाहेर पडली. तोकुजीनं कपाळ जमिनीला टेकवलं. तिच्या खडावांचा आवाज चढावर विरून गेला, तरी कपाळ वर आलं नाही.