पाण्याला उठायचा नियम

वकील म्हणजे बोलून पोट भरणारा माणूस, अशी लोकांची समजूत असते. कोर्टातल्या वकिलाच्या बाबतीत ती खरीही आहे. कंपनीत पगारावर बसलेल्या वकिलाचं मात्र उलटं असतं. त्याचा निम्मा पगार कामाचा आणि निम्मा तोंड मिटून बसायचा. कंपनीत काय शिजतंय ते त्याला सगळ्यांच्या आधी कळतं, आणि ते ना शेजारच्या टेबलावर सांगता येत, ना घरी.

अशी तोंड मिटलेली वीसेक माणसं महिन्यातून एकदा, सुट्टीच्या सकाळी, एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जमायची. सनद चालू ठेवायची तर वकिलाने दर वर्षी ठरावीक तास शिकलंच पाहिजे, असा नियम होता. ते तास भरायला म्हणून माणसं यायची आणि तास भरले तरी यायची थांबायची नाहीत. बहुतेक जण आपापल्या कंपनीत एकुलते एक वकील. कायद्याचे दोन शब्द बोलावेत असं दुसरं माणूस इमारतीत नाही. इथे आलं की जिवाला बरं वाटायचं.

वर्ग मास्तर चालवायचे. तेही जन्मभर एका जहाज कंपनीत वकील होते. आता हातात काठी आली होती, पण आवाज शाबूत होता. आधी ते एखादा नवा कायदा समजावून सांगत, मग चहा होई, आणि चहानंतर सुरू होई ‘समजा’. कुणीतरी म्हणायचं, “समजा, एका कंपनीत एक अधिकारी आहे…” आणि आपली अडचण मांडायचं. कंपनीचं नाव घ्यायचं नाही, माणसाचं नाव घ्यायचं नाही. बाकीचे आपापली अक्कल चालवायचे. तो अधिकारी म्हणजे सांगणाराच, हे सगळ्यांना ठाऊक असायचं आणि कुणी तसं दाखवायचं नाही.

यात एक ग्यानबाची मेख होती. समोरच्याची अडचण आपल्याच कंपनीतल्या एखाद्या गुपिताला येऊन भिडली, तर काय करायचं? मत द्यावं तर गुपित वापरल्यासारखं होतं. गप्प बसावं, उठून जावं, तर बाकीच्यांना वास येतो. वकिलांची नाकं ती. म्हणून मास्तरांनी नियम केला होता की ‘समजा’ चालू असताना प्रत्येकाने निदान एकदा उठून बाहेर पाणी प्यायला जायचंच, काम असो वा नसो.

“म्हणजे कोण तहानेने उठला आणि कोण अडचणीने, हे देवालाही कळता कामा नये,” मास्तर म्हणायचे. “आपण सगळेच तहानलेले.”

या वर्गात ताई होती. रंग बनवणाऱ्या मोठ्या कंपनीची वकील. पन्नाशीला आलेली, मोजकं बोलणारी, चष्मा नाकावर खाली घेऊन वरून बघायची सवय असलेली. कुणाचीही कसलीही अडचण असो, ताईचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. “ज्याच्या हातात आहे, त्याला समोर बसून विचारलंत का?” लोक कायद्याची कलमं शोधत बसायचे, आणि निम्म्या वेळा असं निघायचं की विचारलंच नव्हतं. वर्गात त्याला ‘ताईंचा प्रश्न’च म्हणायचे. औषध कंपनीचे एक गलेलठ्ठ वकील होते. ते चष्मा नाकावर ओढून त्याची अशी नक्कल करायचे की ताईलाही हसू आवरायचं नाही.

ताईच्या शेजारच्या खुर्चीवर चिमणी बसायची. बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ती वकील होती. अंगाने चिमणीएवढी आणि बडबडही तशीच. “झाकणांच्या कारखान्यात असून तुझ्या तोंडाला एक झाकण मिळू नये ना,” असं औषधवाले म्हणाले, की ती म्हणायची, “तुमच्या मापाचं काढायला सांगितलंय, आधी तुमचं होऊ दे.”

दोघींची गट्टी या वर्गातच जमली. ताईचे वडील आजारी होते, तेव्हा ती कित्येक वर्ग चुकली होती. चिमणी प्रत्येक वेळी वर्ग सुटला की तडक दवाखान्यात यायची आणि बाकावर बसून, मास्तरांचा आवाज काढून, सगळा धडा ताईला ऐकवायची. वडीलही उशीवरून ऐकायचे. एकदा म्हणाले, “त्या मुलीला सांग, भागीदारीचं ते पुन्हा सांग म्हणावं, मला डुलकी लागली होती.” शेवटच्या दिवसांत वडील हसले असतील तर चिमणीमुळे. असं माणूस मैत्रीण म्हणून मिळालं की ते सख्ख्या बहिणीच्या वर असतं.

आणि आता ताईच्या कंपनीने चिमणीचा कारखाना विकत घ्यायचं ठरवलं होतं.

सौदा अगदी गुपचूप चालला होता. कारखान्याच्या म्हाताऱ्या मालकांनी सगळं बाहेरच्या वकिलांकरवी चालवलं होतं आणि आपल्या वकिलीणबाईंना अवाक्षर कळू दिलं नव्हतं. ताईच्या टेबलावर मसुदा आला, तेव्हा त्यात एक साधं वाक्य होतं. यापुढे कारखान्याचं वकिली काम रंग कंपनीच्या कायदा विभागाकडे राहील. कायदा विभाग म्हणजे ताईच.

ती तडक साहेबांकडे गेली होती. “तिथे एक वकील आहेत. त्यांना ठेवून घेतलं तर बरं होईल. मला मदत लागेलच.”

साहेबांनी मान वर केली नाही. “तुम्ही आहात की. एका कामाला दोन माणसं कशाला?”

तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. साहेब म्हणाले, “ठरलं ते ठरलं, ताई.” ज्याच्या हातात आहे त्याला समोर बसून विचारलं होतं, दोनदा विचारलं होतं. आता गप्प बसण्याखेरीज हातात काही उरलं नव्हतं.

घरी नवऱ्याने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, “ऑफिसचं आहे का?”

“हो.”

“मग मी विचारत नाही. पण कुणाचं तरी वाईट होणार आहे, एवढं तुझ्या तोंडावर दिसतंय. ते तेवढं धुऊन बाहेर पड.”

वर्गाच्या दिवशी ताईच्या मनात आलं, आज दांडी मारावी. मग वाटलं, मी कधी दांडी मारत नाही, मारली तर चिमणी फोन करेल आणि फोनवर माझा आवाज माझा राहणार नाही. लांब बसावं म्हटलं तरी तेच. इतकी वर्षं शेजारी बसणारी आज लांब का बसली, हे तिच्या नजरेतून सुटेल होय? रोजच्यासारखं वागणं इतकं अवघड असतं, हे ताईला त्या दिवशी कळलं. तिने रोजच्यासारखी शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून जागा धरली.

चिमणी उड्या मारतच आली. “ताई, आज माझं ‘समजा’ आहे. नीट ऐक हं, तुझ्या मतावर सगळं आहे.”

ताईने चष्मा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

चहा झाला. चिमणी उभी राहिली. “समजा, एक बाई आहे. एका छोट्या जागी नोकरी करते. मूल लहान होतं म्हणून ती बरीच वर्षं घरी बसली होती, आणि परत काम शोधायला लागली तेव्हा कुणी दारात उभं करेना. त्या जागेच्या म्हाताऱ्या मालकाने तिला घेतलं. पोरी म्हणतो तिला. आता समजा, तिला एका मोठ्या जागेवरून बोलावणं आलंय. स्वतःहून आलंय. दोन दिवसांत हो की नाही कळवायचंय. बाईचं मन म्हणतं, नाही म्हणावं. म्हाताऱ्याला सोडून जाणं बरं दिसत नाही. तो आहे तोवर तिथे तिची जागा पक्की आहे. बोला.”

ती बसली आणि ताईकडे वळली. सगळेच ताईकडे वळले. पहिला प्रश्न ताईचा, ही रीतच होती.

ताईच्या घशाशी तो प्रश्न आला. तोच, नेहमीचा. आणि तिथेच अडकला. इतकी वर्षं ती तो प्रश्न उत्तर माहीत नसताना विचारत आली होती. आज उत्तर तिच्या टेबलाच्या खणात होतं. आज विचारला तर तो प्रश्न राहणार नव्हता, ती खूण झाली असती.

“मी जरा पाणी पिऊन येते,” ती म्हणाली.

“आत्ता?” चिमणी म्हणाली.

“नियम आहे,” मास्तर म्हणाले. “जाऊ दे तिला.”

बाहेरच्या पॅसेजमध्ये भिंतीशी पाण्याचं यंत्र घरघरत होतं. बाजूला उपडे ग्लास. ताईने एक भरला आणि तसाच हातात धरून उभी राहिली. दार पुरतं लागलेलं नव्हतं. आतला शब्दन् शब्द ऐकू येत होता. विमा कंपनीच्या बाई म्हणाल्या, “माणुसकी मोठी, राहावं तिने.” कुणीतरी म्हणालं, “नवीन जागी नव्याने सगळं दाखवून द्यावं लागतं. या वयात कशाला?” एकेक जण चिमणीला जागच्या जागी बसवत होता, आणि चिमणीचं “हो ना, हो ना” ऐकू येत होतं.

ताईला वाटलं, आत जावं आणि एकच शब्द बोलावा. जा. एवढाच. कोण काय वाकडं करणार होतं? पण जिने एकदा एकाचं गुपित दुसऱ्याला दिलं, तिच्यापाशी यापुढे कुणी काय ठेवावं? चिमणीनेसुद्धा काय ठेवावं? ती दाराशी गेली आणि परत फिरली. ग्लासातलं पाणी हिंदकळून मनगटावर आलं.

मग आत औषधवाल्यांचा आवाज आला, पण बायकी, बारीक, नाकातून काढलेला. “काय गं, ज्याच्या हातात आहे, त्याला समोर बसून विचारलंस का?”

खोली खदखदून हसली. ताई नसताना ताईची नक्कल, म्हणजे त्यांनी चष्माही ओढला असणार. चिमणीही हसत होती. मग तिचं हसणं बाकीच्यांच्या आधी थांबलं.

“नाही,” ती म्हणाली. “समजा… विचारलं नसेल.”

“अरेच्चा,” मास्तर म्हणाले. “मग आपण एवढा वेळ काय दळत बसलो?”

ताईने भिंतीला पाठ टेकली. डोळे भरून आले, म्हणून तिने ते पाणी एकदाचं पिऊन टाकलं. वर्षानुवर्षं लोकांना वाटून दिलेलं काहीतरी त्यांच्या घरात राहून जातं आणि आपले हात बांधलेले असताना तेच उठून कामाला लागतं, असं तिला वाटलं. आत गेली तेव्हा विषय बदलला होता. चिमणीने तिचं मत विचारलं नाही. नुसती ताईच्या जागेवर ठेवलेली पर्स उचलून खुर्ची मोकळी केली.

पुढच्या वर्गाच्या आधी सौद्याची बातमी वर्तमानपत्रात आली. मधल्या काळात चिमणीचा ना फोन, ना निरोप. ताईनेही केला नाही. काय म्हणून करणार? वर्गाच्या दिवशी तिने शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवली, आणि दर वेळी दार वाजलं की ती दाराकडे बघू लागली. औषधवाल्यांनी त्या दिवशी एकही विनोद केला नाही. सगळ्यांनी बातमी वाचली होती. मास्तरांनी धडा सुरू केला. अर्धा संपला तरी खुर्चीवर पर्सच होती.

चिमणी आली ती चहाच्या वेळेला. अंगावर नवं कोरं जॅकेट, चेहरा जरा ओढलेला. पर्स उचलून ताईच्या मांडीवर ठेवली आणि बसली.

“मी गेले गं नव्या जागी,” ती हळू आवाजात म्हणाली. “आमच्या मालककाकांना समोर बसून विचारलं. म्हटलं, काका, मी राहू का? ते टेबलावरचा कागद सरळ करत बसले. आधीच सरळ होता तो. मग म्हणाले, जा पोरी, चांगलं बोलावणं आहे. म्हणाले, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी बाहेर येऊन जिन्यात रडले, आणि तिथूनच हो कळवलं.”

 ताईने तिच्या जॅकेटच्या बाहीवरचा एक धागा काढला.

“नवी जागा बरी आहे. माणसं हसत नाहीत फारशी. शिकवीन.”

चहा संपला. मास्तर म्हणाले, “आज कुणाचं ‘समजा’ आहे?”

“माझं,” चिमणी म्हणाली. “समजा, एक बाई आहे आणि तिची एक मैत्रीण आहे. मैत्रिणीला बाईबद्दल काहीतरी माहीत असेल, किंवा नसेल. तिने सांगितलं तर नाहीच. आता बाईने काय करावं?”

कुणी मान वर करेना. विमावाल्या बाई कपातला तळ बघत होत्या. शेवटी औषधवाल्यांनी घसा साफ केला आणि स्वतःच्याच आवाजात विचारलं, “बाईने तिला समोर बसून विचारलं का?”

“नाही,” चिमणी म्हणाली. “आणि विचारणारही नाही. विचारलं की बिचारीला पाण्याला उठावं लागतं.”

ताई खरोखरच उठत होती. एका हाताने चष्मा काढलेला, दुसऱ्या हाताने खुर्चीची पाठ धरलेली. चिमणीने तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं.

“बस तू. आज मी आणते.”

ती गेली, आणि दोन्ही हातांत दोन काठोकाठ भरलेले ग्लास घेऊन, दार पायाने ढकलत परत आली. निम्मं पाणी वाटेत मास्तरांच्या टिपणांवर सांडलं. मास्तर काठी आपटत म्हणाले, “अगं, प्यायला सांगितलं होतं, शिंपायला नाही.” त्यावर औषधवाले जे हसले ते थांबेचनात. उरलेलं पाणी दोघींनी मिळून प्यायलं.