थोरल्याच्या मापाची फ्रेम

“आत घेता येत नाही म्हणजे काय?” मास्तरांनी तिसऱ्यांदा विचारलं. “जन्मभर थोरल्याचं धाकट्याला बसवून देत आलोय मी.”

“कापडाच्या शिवणीत आत-बाहेर करायला माया ठेवलेली असते, मास्तर. हिच्यात नाही,” दुकानवाली म्हणाली.

ही म्हणजे मी. रेसच्या सायकलची पोलादी फ्रेम बोलतेय. चाकं काढून मला दुकानातल्या स्टँडला अडकवलंय, आणि भांडण माझ्यावरूनच चाललंय. मला विचारतंय कोण.

माझा जन्म याच दुकानाच्या मागच्या खोलीतला, याच बाईच्या हातचा. शिंपीमास्तरांच्या थोरल्या मुलाला तिनं भिंतीशी उभं करून पाय, धड, हात, खांदे, सगळं मोजलं आणि मगच नळ्या कापल्या. पाय सांगतात सीट कुठे, धड आणि हात सांगतात हँडल कुठे, असं ती बजावायची. सीट वर-खाली होते. माझी लांबी जी ठरली ती ठरली.

चार वर्षं त्यानं मला पळवलं. मी त्याला कधी पाडलं नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर लोक निर्जीवावर आळ घ्यायला टपलेलेच असतात. त्याला ताप आला. बाराव्या दिवशी मास्तर दवाखान्यातून एकटेच घरी आले, मला उचलून शिवणाच्या खोलीत ठेवलं आणि माझ्या मापाची खोळ शिवली. दोन वर्षं मी त्या खोळीत होते. पोलादाला शोक होतो का, ते मला माहीत नाही. थंडी कळते, गंज कळतो. मशीनचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा.

मग धाकटी, त्याची बहीण, क्लबच्या सायकलवर शिकली आणि संघात निवडली गेली. महिन्याभरावर शर्यत, आणि सायकल स्वतःची हवी. मास्तरांनी खोळ काढली. तिच्या पायाला टेप लावली, तर भावाच्या पायाशी सुतभरही फरक नाही. झालं, ठरलं. सदऱ्यासाठी बाहीचं माप दोनदा घेणारा हा माणूस. माझ्यासाठी त्यानं फक्त पाय मोजले. पोरीचे पाय लांब, पण धड आणि हात आखूड. माझ्यावर ती दोरीवर वाळत घातल्यासारखी ताणली जायची. घरी पोचल्यावर बोटं इतकी बधिर, की स्वतःच्या जाकिटाची चेन तिला ओढता येईना. मग एक दिवस ती मला घेऊन दुकानात आली.

दुकानवालीनं हँडल जवळ आणून पाहिलं, तर पुढचं चाक लटपटायला लागलं. सीट पुढे सरकवली, तर गुडघे धरले. शेवटी तिनं मास्तरांनाच बोलावून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, की पोरीला लहान फ्रेम लागेल, दुकानात एक तयार आहे, घेऊन जा.

मास्तर चिडले. शर्यतीत उतरायचं तर हिच्यावरच, नाहीतर नकोच, म्हणाले. दुकानवालीही काही कमी नव्हती. तुमच्या हट्टापायी पोरीचे हात जातील, शिवणयंत्राला तरी असं राबवता का, म्हणाली. बराच वेळ असंच चाललं. मग मास्तरांचा आवाज एकदम खाली आला.

“दुसरी आली की ही कोपऱ्यात जाणार,” ते म्हणाले. “मग त्याचं काय उरलं घरात?”

दुकानवालीनं हातातला पाना खाली ठेवला.

मला जीभ असती तर म्हणाले असते, मास्तर, ज्याच्या मापाची मी, तो गेला. मला भिंतीला टांगा आणि तेल लावत जा. मला तेवढं पुरे.

धाकटी स्टुलावर बसून एका हाताची बोटं दुसऱ्या हातानं चोळत होती. तिनं मान वर केली नाही. शिवायला टाकलेले कपडे झाले का, असं विचारावं तितक्याच सपाट आवाजात ती म्हणाली, “बाबा, हिच्यावर बसले की मला दादा आठवत नाही हो, नुसतं दुखतं.”