तीन बत्त्या आणि मूठभर जवला

"मावशी, हा वास कसला?"

भार्गवी दारातच थांबली. मांडव्याच्या धक्क्यावरून ती थेट बंगल्यावर आली होती. खांद्यावरची पिशवी अजून खांद्यावरच होती आणि मोकळा हात नाकावर गेला होता.

"जवल्याचा," जनी म्हणाली. "तुमीच बोललाव नं, नीट बगून सांगा. बगतंय."

आतल्या खोलीत जमिनीवर तीन ठिकाणी वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. प्रत्येक कागदावर मूठभर ओला जवला पसरलेला होता. ही नखाएवढी कोळंबी जनीने पहाटे थळच्या बंदरावरून आणली होती आणि तिन्ही कागदांवर सारखी वाटली होती. प्रत्येक कागदाच्या बरोबर वर, छतापासून हातभर खाली, एकेक दिवा लटकत होता. पहिला जांभळा, दुसरा पांढऱ्या पट्ट्यांचा आणि तिसरा मोठ्या पत्र्याच्या टोपीचा, पिवळट. सकाळी नऊपासून तिन्ही चालू होते. आता पाच वाजत आले होते.

या खोलीला एकही खिडकी नव्हती. बंगला बांधला तेव्हा इथे सिनेमा बघायची सोय होती. पुढे भार्गवीला झाडांचा नाद लागला. देशोदेशीची, रंगीत पानांची झाडं तिने जमवली. ती व्हरांड्यात ठेवली तर खाऱ्या वाऱ्याने पानं काळी पडत, आणि आत आणली तर उजेडाअभावी माना लांब करून पिवळी पडत. शेवटी तिने मुंबईच्या एका विक्रेत्याकडून तीन दिवे महिन्याच्या बोलीवर मागवले. एक ठेवायचा, दोन परत करायचे. तिन्ही खोक्यांवर 'हाय आउटपुट' असंच छापलेलं होतं.

"मी आठवड्यातून दोन दिवस इथे असते," भार्गवी तेव्हा म्हणाली होती. "झाडांबरोबर रोज तुम्ही असता. तुम्ही सांगाल तो ठेवू."

तुम्ही सांगाल तो. बावन्न वर्षांत हे वाक्य जनीच्या वाट्याला आलं नव्हतं. बोट विकायची हे नवरा आणि दीर यांनी ठरवलं. किनाऱ्यावर ज्या खळ्यात ती तीस वर्षं मासळी वाळवत होती, त्याला एका सकाळी तारेचं कुंपण पडलेलं दिसलं. कोणी ठरवलं, ते आजही तिला नीट माहीत नव्हतं. त्यानंतर ती रोज सकाळी मिनीडोअर रिक्षाने बंगल्यावर यायला लागली. लादी पुसायची, झाडांना पाणी घालायचं, पानांवरची धूळ ओल्या फडक्याने टिपायची.

"पण जवला कशाला?" भार्गवीने विचारलं.

"ज्या बत्तीखाली जवला सुकंल, त्या बत्तीत ऊन हाय. बाकीचा नुसता उजेड."

भार्गवी हसली. मग तिने पिशवी खाली ठेवली आणि फोन बाहेर काढला.

"परत बोला ना, मावशी. इकडे बघून."

जनी परत बोलली. मग तिने जांभळ्या दिव्याखालचा जवला चिमटीत घेऊन तळहातावर चोळला. तो चिकटून बसला. "ह्यो वरातीतला उजेड. नाचायला बरा." पांढऱ्या दिव्याखालचा उचलला. तोही दमट होता. "ह्यो दवाखान्यातला. माणूस जित्ता हाय का मेला, येवढंच दिसतंय." तिसऱ्या कागदावरचा जवला तिने मुठीत घेतला, कानाजवळ नेऊन चुरला आणि मूठ सैल सोडली. बोटांमधून तो सुटा होऊन खाली पडला.

"ह्यात ऊन हाय."

"डन," भार्गवी म्हणाली. "हाच ठेवू."

तो व्हिडिओ रविवारपर्यंत थळच्या कोळीवाड्यात पोचला. सार्वजनिक नळावर नीराबाईने हंडा बाजूला ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, "अगो जनी, माज्या घरातली ट्यूब सारखी मिचमिच करतंय. जवला घेऊन कवा येतंस?"

"जवला तुजा, हात माजे," जनी म्हणाली, आणि बाया हसल्या. त्या हसण्यात टोमणा होता, पण थोडा मानही होता. जनीने त्यातला मान तेवढा उचलला.

हरेश्वर, तिचा नवरा, ओट्यावर जाळ्याची भोकं विणत बसला होता. बोट गेली तरी जाळी होती. लोकांची जाळी तो दुरुस्त करून देई.

"तुला इचारलान?" त्याने मान वर न करता विचारलं.

"मना इचारलान."

"आणि तू सांगितलंस तीच ठेवलीन?"

"तीच."

हरेश्वरने दातांनी दोरा तोडला. "बरं झालं," तो म्हणाला. नवराबायकोत त्या विषयावर एवढंच बोलणं झालं. जनीला ते पुरलं.

सोमवारी विनेश आला. तो जनीच्या दिराचा मुलगा. वायरिंगची कामं करायचा. बाकीचे दोन दिवे उतरवून त्याने खोक्यांत भरले आणि टोपीचा दिवा खोलीच्या मधोमध पक्का केला.

"काकी, किती वर ठेवू?"

"जवल्यावर होती तेवढीच. हाय तिथंच बरी."

त्याच दिवशी मुंबईहून लोखंडी स्टँड आला. पाच पायऱ्यांचा, देवळात दिवे लावायला असतो तसा, चारही बाजूंनी उतरत जाणारा. तो दिव्याखाली मांडायचं काम जनीचंच होतं. ती दुपारभर लावत बसली. सगळ्यात भारी झाडं तिने सगळ्यात वर ठेवली. पांढऱ्या पट्ट्यांचा मॉन्स्टेरा, मखमली काळ्या पानांचं अँथुरियम, आणि ज्याचं नाव तिला कधीच धड घेता आलं नाही ते गुलाबी झाड. मधल्या पायऱ्यांवर मधली. सगळ्यात खाली, जमिनीला लागून, मनीप्लँट आणि साध्या हिरव्या पानांची, जी कोणत्याही नर्सरीत मिळतात. ज्याचा मान मोठा, त्याला ऊन जवळचं. यात काही चुकतंय असं तिला वाटायचं कारण नव्हतं.

चूक तिथेच झाली. तीस वर्षं तिने ज्या उन्हाखाली काम केलं, त्याला जवळ आणि लांब नव्हतं. बांबूच्या वलांडीवर उंच टांगलेल्या बोंबलाला आणि खाली जाळ्यावर पसरलेल्या जवल्याला ते सारखंच लागे. हातभर वरखाली झाल्याने सूर्याला काही फरक पडत नसे. जवल्याची परीक्षा तिने जमिनीवर घेतली होती, कारण मासळी मॅडमच्या टेबलावर ठेवणं बरं दिसलं नसतं. झाडं मात्र दिव्याच्या हनुवटीखाली जाऊन बसली.

गुरुवारी मॉन्स्टेराच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या कडा कागदासारख्या झाल्या. जनीने पाणी वाढवलं. शुक्रवारी अँथुरियमची दिव्याकडची बाजू तपकिरी पडली. तेव्हा तिने, एका अंगाने सुकलेले बोंबील उलटतात तशा, वरच्या पायरीवरच्या सगळ्या कुंड्या अर्ध्या फिरवल्या. रविवारी दुसरी बाजूही तपकिरी झाली.

भार्गवी दोन आठवडे बंगळुरूला लग्नाला गेली होती. जनीने एकदा फोन लावला. पलीकडे रिंग वाजायला लागली आणि तिने तो स्वतःच बंद केला. काय सांगणार होती? दोन दिवसांत पालवतील, असं तिने स्वतःला सांगितलं. नळावर नीराबाईने विचारलं, "कशी हायत गो तुजी झाडां?" आणि जनी म्हणाली, "बेस हायत."

दहाव्या दिवशी तिने उताणा तळहात वरच्या पायरीवर धरला. मनात वीस मोजेपर्यंत तो धरवेना. मधल्या पायरीवर दुपारचं ऊन होतं. सगळ्यात खाली ती उकिडवी बसली आणि हात पुढे केला. तिथे सकाळी आठचं ऊन होतं, कोवळं आणि पक्कं. तिथल्या मनीप्लँटला चार नवी पानं फुटली होती. बिनपट्ट्यांच्या, साध्या मॉन्स्टेराने सुपाएवढं एक पान उलगडलं होतं आणि दुसरं गुंडाळी करून वर निघालं होतं.

तेव्हा तिला सगळं कळलं. तिने घाईघाईने वरच्या कुंड्या जमिनीवर उतरवल्या. वरच्या दोन पायऱ्यांवर मिळून चौदा कुंड्या होत्या. त्यातल्या अकरा गेल्या होत्या.

भार्गवी शनिवारी आली. ती ओरडली नाही. खाली वाकून तिने काळ्या मखमली पानाला हात लावला आणि पानाचा तुकडा तिच्या हातात आला.

"हे झाड मी दोन वर्षं शोधत होते," ती म्हणाली. जनीला नव्हे, तुकड्याला.

"मॅडम, बत्ती बरोबर हाय," जनी म्हणाली. हे वाक्य तिने रिक्षात बसून चार दिवस घोकलं होतं. "लय जवळ होती, येवढंच. माजं चुकलं ते मांडण्यात. खालची बगा, खालची कशी भरलीत—"

"मावशी." भार्गवीने तिच्या दंडावर हात ठेवला. "तुमची काहीही चूक नाही. खरंच. मनाला लावून घेऊ नका. मीच तुम्हाला विचारायला नको होतं."

भार्गवी चिडली असती तर जनीकडे उत्तर होतं. अलिबागच्या बाजारात टोपली घेऊन बसलेल्या बाईला उत्तरं शिकवावी लागत नाहीत. पण तिच्या दंडावर हात होता, आवाज मऊ होता, आणि या बोलण्याला उत्तर देण्याची पद्धत तिला माहीत नव्हती. ती "व्हय" म्हणाली आणि जमिनीवर पडलेली पानं गोळा करायला बसली.

त्या दिवसानंतर खोलीच्या दाराशी बटणांवर एक चिठ्ठी चिकटली. जनीला वाचता येत होतं. 'दिव्यांना हात लावू नये.' बंगल्यावर रोज येणारी ती एकटीच होती.

मंगळवारी नळावर नीराबाई म्हणाली, "तुजा तो यिडिओ दिसत न्हाय गो. नातीनं लय शोधलान."

"काढलान त्यांनी."

"कशाला?"

"मना काय ठाव."

नीराबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. मग, कधी नव्हे ते, जनीचा हंडा आधी नळाखाली सरकवला. जनीला तेच जास्त लागलं.

घरी हरेश्वरला तिने काही सांगितलं नाही. त्याला विनेशकडून कळलं असावं. जेवताना तो एवढंच म्हणाला, "उद्या जातंस ना कामाला?"

"जातंय तर."

पुढच्या आठवड्यात नवे, पट्ट्यांचे दिवे आले. ते मुंबईतल्या कोणा तज्ज्ञाने फोटो बघून ठरवले होते. सोबत छापील नकाशा होता, त्यात कोणती पट्टी कुठे आणि किती सेंटिमीटरवर, ते सगळं होतं. दिवे फोनवरून आपोआप लागणार आणि विझणार होते. विनेश शिडीवर चढला. जनीने शिडी धरली.

टोपीचा दिवा त्याने सोडवला आणि खाली दिला. जड होता. जनीने तो पोटाशी घेऊन खोक्यात ठेवला.

"काकी, खरं सांग. ही बत्ती खराब होती?"

"न्हाय."

"मग?"

"नकाशात काय लिवलंय ते बग आणि लाव."

विनेशने खिशातली मोजपट्टी काढली.

काम अर्धं झालं तेव्हा भार्गवीचा फोन आला. चेहऱ्यासकट. विनेशने फोन धरून तिला खोली फिरवून दाखवली. नवे दिवे, पट्ट्या, स्टँड.

"खाली ते काय आहे? मावशी, ते हिरवं?"

"मनीप्लँट, मॅडम. आणि साधी मॉन्स्टेरा. लय भरलीत. त्या बत्तीखाली—"

"हां, ती. ती साधी आहेत. उद्या नवी झाडं येतायत, जागा लागेल. ती बाहेर काढा. व्हरांड्यात वगैरे."

"व्हरांड्यात वारा खातील."

"काही हरकत नाही, साधीच आहेत. नाहीतर असं करा ना, तुम्हाला हवी तर घरी घेऊन जा. सगळी. माझ्याकडून."

जनी फोनमधल्या चेहऱ्याकडे बघत होती. तो चेहरा मनापासून देत होता, यात काही शंका नव्हती.

"नको, मॅडम," ती म्हणाली. "आमच्याकडं ऊन हाय."

"बरं, बरं. विनेश, ती डावीकडची पट्टी जरा सरळ कर."

कुंड्या नऊ होत्या. जनीने त्या एकेक करून बाहेर नेल्या. साध्या मॉन्स्टेराची कुंडी तिने शेवटी उचलली. तिची पानं पसरून दाराहून रुंद झाली होती. चौकटीला घासू नयेत म्हणून जनी दारात तिरकी झाली, एका हाताने कुंडी कमरेवर घेतली आणि दुसऱ्या हाताने पानं छातीशी दाबून धरली. गुंडाळी करून निघालेलं पान तिच्या गळ्याशी लागत होतं.

"काकी, लागले!" आतून विनेश ओरडला. "येऊन बग जरा!"

जनी व्हरांड्याच्या टोकाला उभी होती. तिने तर्जनी तोंडात घालून ओली केली आणि वारा कुठून लागतो ते बघायला हवेत धरली. मग बोट पदराला पुसलं, खाली वाकली, आणि कुंड्या एकामागून एक भिंतीच्या दुसऱ्या अंगाला, आडोशाला सरकवायला लागली.