कपाट मापाचं जाकीट

आमच्या शिवण कारखान्यात मला सगळे कपाट म्हणतात. पहिली तीन वर्षं मला या नावाचा राग यायचा, मग सवय झाली, आणि आता कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर कुणाला बोलावताहेत म्हणून मीच मागे वळून बघते. हे नाव काज करणाऱ्या बाईने ठेवलं. तिचीही चूक नाही. मी दारात उभी राहिले की तिच्या मशीनवरचा उजेड जातो.

पण एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण लोकांचा घोळ तिथेच होतो. मी लठ्ठ नाही. मी हाडापेराने थोराड आहे. मनगटं रुंद, पावलं लांब, आणि खांदे असे की दुकानातला तयार कपडा तिथे अडतो आणि पोटाशी तंबूसारखा फुगतो. एकोणिसाव्या वर्षी मी हट्टाने नऊ किलो वजन उतरवलं होतं. गाल बसले, डोळे खोल गेले, एकदा चक्कर येऊन जिन्यातच बसले. खांदे मात्र टेपवर अर्धं सूतही हलले नाहीत. हाड उतरत नाही हे मला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून मी पोटभर जेवते.

आईला हे कधी पटलं नाही. आई स्वतः माझ्याच घडणीची, म्हणजे खरं तर मी तिच्या. लहानपणी चारचौघांत गेलो की ती मागून हळूच एकच शब्द म्हणायची, "खांदे!" की मी लगेच खांदे आत ओढायचे, कोपरं पोटाशी, मान खाली. पाहुणे आले की खांदे, फोटो काढायचा की खांदे. तिचे स्वतःचेही आतच. घरातल्या जुन्या फोटोंत आम्ही दोघी थंडी वाजत असल्यासारख्या उभ्या आहोत आणि मागे रणरणतं ऊन पडलेलं आहे.

कारखान्यात मला घेतलं ते तागे उचलायला. कापडाचा जो तागा आणायला दोघी लागतात तो मी एकटी खांद्यावर टाकून आणते. टेबलावर पसरायचा, थर लावायचे, आणि कापायला मास्तरांना वाट करून द्यायची. अकरा वर्षं बघता बघता मी कापायला शिकले. मास्तर रजेवर असले की बाह्या आणि कॉलर मीच कापते, आणि त्यात खोट काढणं अजून त्यांनाही जमलेलं नाही. पण ज्या मोठ्या टेबलावर नवा साचा आखला जातो, तिथे ते मला उभं राहू देत नसत. "तुझे हात तागे उचलायचे," ते म्हणायचे. "खडू धरायचे नव्हेत." वर्षाखेरीस मास्तर निवृत्त होणार होते आणि मला ते टेबल हवं होतं. किती हवं होतं, तर घरी जेवणाच्या टेबलावर पुठ्ठा पसरून मी रोज काही ना काही आखत बसायचे.

आम्ही फक्त गणवेश शिवतो. प्रत्येक गणवेशाचा पुठ्ठ्याचा मूळ साचा भिंतीवर खिळ्याला टांगलेला असतो, आणि तो ज्याच्या अंगावरून काढला त्याचं नाव त्यावर लिहायची पद्धत आहे. एकावर 'दरवान' आहे, एकावर 'उंच आचारी'. बायकांच्या सगळ्या कपड्यांना मात्र एकच साचा: 'शेंग'. कोपऱ्यात उभा असलेला तो चवळीच्या शेंगेसारखा पुतळा, त्याचं हे नाव. मोठं माप हवं असलं की मास्तर शेंगेला दोन्ही कुशींत वाढवतात आणि मुंढा, म्हणजे बाही जोडायची खाच, खाली उतरवतात. थोडक्यात, मास्तरांच्या लेखी मोठी बाई म्हणजे पोट सुटलेली बारीक बाई. हाडाने मोठी असलेली बाई त्यांच्या पाचही मापांत नव्हती. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

तर यंदा काम आलं अॅम्ब्युलन्सवरच्या बायकांच्या जाकिटांचं. साठ जाकिटं. आधी नऊ नमुने पाठवले, आणि आठवड्याने एका सोमवारी त्यांच्या प्रमुख बाई स्वतः आल्या. त्यांनी तीन जाकिटं मोठ्या टेबलावर उलटी टाकली. तिन्हींची पाठ उसवलेली होती.

"तुमच्या जाकिटात आमच्या बायका उभ्या फार छान दिसतात," त्या म्हणाल्या. "पण आम्हाला उभं राहायचा पगार मिळत नाही. पेशंट उचलायला हात पुढे केले की पाठ फाटते, वर केले की जाकीट गळ्याशी येतं. पुढच्या सोमवारी यात स्ट्रेचर उचलता आलं तर ठीक, नाही तर आम्ही दुसरीकडे बघतो."

त्या गेल्या. मास्तरांनी चष्मा पुसला. "बायांनी जरा वजन उतरवायला नको का?" ते म्हणाले. नाचता येईना, अंगण वाकडं!

मी गप्प बसायला हवं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. "मास्तर, हाड उतरत नाही. तुमचा साचा चुकलाय."

चौदाच्या चौदा मशिनी थांबल्या.

"असं?" मास्तर म्हणाले. "मग तू काढ साचा. सोमवारी टिकला तर माझ्यामागे हे टेबल तुझं, मी स्वतः मालकांना सांगेन. फाटला तर मात्र कापण्याच्या कामात पुन्हा अवाक्षर काढायचं नाही. तागे उचलायचे, बस."

"चालेल," मी म्हटलं. आवाज अगदी खणखणीत निघाला.

दुसऱ्या दिवशी मी अॅम्ब्युलन्स केंद्रावर गेले. माझ्याच घडणीच्या चौघीजणी तिथे निघाल्या. बघून इतकं बरं वाटलं! एकीने तर हात मिळवताना माझा हात पूर्ण झाकला, हे आयुष्यात पहिल्यांदाच झालं. चौघींची मापं घेतली. पाचवं माप माझंच, आरशासमोर, स्वतःच्या हाताने. खांदा साडेसतरा इंच. मापं मला वाटली होती त्यापेक्षा कमीच भरली, पण टेप काय खोटं बोलतो? बुधवारी जाकीट तयार करून मी अंगात घातलं, सगळ्यांसमोर तागा उचलायला वाकले, आणि पाठीत चर्र झालं. बरोबर त्याच जागी.

कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. मास्तर खडूला टोक काढत राहिले.

संध्याकाळी मी ते फाटकं जाकीट घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. शिवण उसवून पाहिली, पुन्हा मोजलं, चूक काही सापडेना. आईने चहा आणून ठेवला. मी म्हटलं, "आई, जरा टेप धर. पाठीमागचं मला नीट दिसत नाही."

मी आरशासमोर उभी राहिले, आई मागे. टेपचं टोक माझ्या एका खांद्यावर टेकवलं आणि सवयीने म्हणाली, "खांदे."

आणि मी समोर आरशात बघितलं. ती बोलायच्या आधीच मी खांदे आत घेतले होते! टेप अंगाला लागला मात्र, कोपरं पोटाशी गेली, श्वास रोखला गेला. मला कळलंही नव्हतं. मग त्या चौघी आठवल्या. अशाच उभ्या होत्या, रांगेत, शाळेत शिक्षा झाल्यासारख्या. त्यांच्याही मागे कधी ना कधी कुणीतरी उभं राहून हा शब्द म्हटला असणार. हाड उतरत नाही म्हणून मी मास्तरांना ठणकावलं, आणि स्वतःचंच हाड टेपपासून लपवलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला माझाच असा राग आला की चहा तसाच राहिला.

"आई, आज आत घेणार नाही," मी म्हटलं आणि खांदे सोडले. सोडताना दुखलं. "आता माप."

तिने टेप लावला. वाचला. चष्मा वर-खाली करून पुन्हा वाचला. "साडेअठरा."

"हं."

"एवढे?"

"एवढे."

"आणि हे कधीपासून?"

"पहिल्यापासून, आई."

मग तिनेच मला हात पुढे करायला सांगितलं आणि पाठ मोजली. मी आकडे लिहून घेतले. "आता तू ये, तुझंही घेते," मी म्हटलं. "मला काय करायचंय माप!" म्हणून ती कप उचलून आत गेली.

सकाळी मी पुन्हा केंद्रावर. या वेळी कुणाला उभं राहा म्हटलंच नाही. स्ट्रेचरवर सामानाच्या पेट्या ठेवल्या, चौघींना चार कोपऱ्यांना लावलं आणि म्हटलं, "उचला, आणि मी सांगेपर्यंत खाली ठेवू नका." हातात ओझं असलं की कुणाला अंग चोरता येत नाही. मी एकेकीच्या मागे जाऊन टेप लावत गेले. "आटप गं बाई, मापं घेतेस की जीव!" तिसरी ओरडली. एकीचाही खांदा आधीच्या मापाएवढाच भरला नाही. कुठे एक इंच जास्त, कुठे दीड.

मग साचा आखला. खांदा रुंद, पाठ त्याहून रुंद, पोटाचा फुगा काढून टाकला. मुंढा मास्तर खाली उतरवतात, तो मी वर घेतला आणि काखेत कापडाची छोटी कळी बसवली, म्हणजे हात एकटा वर जाईल, अख्खं जाकीट ओढत नेणार नाही. शनिवारी मास्तर माझ्या पुठ्ठ्यापाशी येऊन थांबले.

"मुंढा वर? काखेत काचेल."

"नाही काचणार."

त्यांनी बोट फिरवून ती गोलाई पाहिली. "हं," म्हणाले आणि गेले. चार जाकिटं मी एकटीने शिवली. एक आणखी शिवलं, स्वतःसाठी.

सोमवारी मास्तरही माझ्याबरोबर केंद्रावर आले. चौघींनी जाकिटं चढवली. अंगणात स्ट्रेचर आलं. "पेट्या नकोत," प्रमुख बाई म्हणाल्या. "खरं माणूस हवं. चांगलं वजनदार." आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. वळणारच. मी चपला काढून आडवी झाले. पावलं बाहेर लोंबत होती.

"एक, दोन, तीन!"

आणि मी उचलली गेले. आता हे कसं सांगू? सहा वर्षांची झाल्यापासून मला कुणी उचललेलं नाही. खेळात मनोरा करायचा तर मी सगळ्यांत खाली. पाय मुरगळला तर मी लंगडत चालत घरी. घरचे म्हणायचे, हिला कोण उचलणार, हीच आपल्याला उचलेल. आणि इथे चौघीजणी मला घेऊन अंगणभर फिरल्या, तीन पायऱ्या चढल्या, गाडीत ठेवलं, पुन्हा बाहेर काढलं. मी एकेक शिवण बघत होते, चौघींच्या काखा, चौघींच्या पाठी. एक टाकाही हलला नाही. मला भरून आलं. आडवी होते, त्यामुळे पाणी सरळ कानात गेलं.

"रडतेस की काय?" तिसरीने विचारलं.

"काखा बघतेय," मी म्हटलं.

मास्तरांनी जवळ येऊन एका पाठीची शिवण दोन्ही हातांनी ताणून पाहिली. प्रमुख बाईंकडे वळून म्हणाले, "साठच्या साठ ही शिवेल. मी नाही."

कारखान्यात परतल्यावर त्यांनी माझा पुठ्ठा मोठ्या टेबलावर ठेवला, जाड पेन उघडलं आणि अडले. पहिल्यांदाच त्यांना संकोच वाटलेला मी पाहिला. "नाव काय लिहू? ते कपाट काही बरं दिसत नाही."

"तेच लिहा. ठळक."

त्यांनी लिहिलं आणि साचा शेंगेशेजारच्या खिळ्याला टांगला. मग आपली मोठी कात्री माझ्यापुढे सरकवली. ती कात्री कारखान्यात कुणाच्याच हातात नीट बसत नसे. मास्तरसुद्धा तिच्या कड्यांना चिंधी गुंडाळून वापरायचे. मी चिंध्या सोडल्या आणि बोटं घातली. अगदी बरोबर बसली.

घरी गेले तेव्हा माझं जाकीट हातात होतं. आई म्हणाली, "टिकलं का?" मी म्हटलं, "टिकलं. टेबलही मिळालं. आता हे घाल."

"या वयात मी जाकीट घालून कुठे जाऊ?"

"आरशापर्यंत जा."

कुरकुरत तिने घातलं. आरशासमोर उभी राहिली, कोपरं पोटाशी, खांदे आत, साठ वर्षांच्या सवयीने. जाकीट दोन्ही बाजूंनी सैल लोंबत होतं.

"बघ, मोठं होतंय मला," ती म्हणाली, आणि तिला त्याचा थोडा आनंदच झाला होता.

मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले आणि हळूच एकच शब्द म्हटला, "खांदे."

सवयीने ते आणखी आत गेले. मी आरशातच मान हलवली, नाही, आणि तिला माझे दाखवले, सोडलेले. ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग बाजारातून आणलेल्या पिशव्या जिना चढून आल्यावर खाली ठेवाव्यात तसा तिने आधी एक खांदा सोडला, मग दुसरा. शिवण दोन्हीकडे भरत भरत गेली आणि टोकाला येऊन थांबली. आईने एक हात वर केला, मग दुसरा. जाकीट जागचं हललं नाही.

"मापाचं आहे," ती म्हणाली.