मोहाच्या वाटेवरचे फाटक

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी फाटक आहे. माझ्या दोन्ही अंगांचे कुंपण केव्हाच गेले, पण मला कुलूप मात्र अजून आहे. हसा खुशाल! मलाही कधी कधी हसू येते.

एकोणीसशे अठ्ठावन्न साली धडगावच्या वरच्या एका माळावर मला उभे केले. ताडपत्रीने झाकलेले लष्करी ट्रक घाट चढून येत. आत काय चालते ते कोणी विचारायचे नाही. गावाला सांगितले होते, रस्त्यासाठी खडक फोडतात. पण खडक काय शेपटीला आग लावून आभाळात जातो? अग्निबाण सुटला की माझ्या बिजागऱ्या थरथरत. साहेब खुशीत माझी पाठ थोपटत, आणि मला भारी अभिमान वाटे.

त्यांच्या नकाशात हा माळ ओसाड होता. खालच्या पाड्यावरच्या फुलीबाईचे मोहाचे झाड मात्र माझ्याआड राहिले होते. डोंगरात कोणते झाड कोणाच्या घरचे, हे ठरलेले असते. दुसरे कोणी त्याची फुले वेचत नाही. पहिल्याच चैत्रात ती टोपली घेऊन आली. आत बोट दाखवून, बाजारात शिकलेल्या अहिराणीत पहारेकरी उदेसिंगला म्हणाली, "मन्हं झाड मझार शे, भाऊ. फुलं पडी ऱ्हायनात."

उदेसिंग शहाद्याकडचा, मनाने मऊ. म्हणाला, "वरना हुकूम शे, बहिनी. ज्या दिन फाटक उघडसू, त्या दिन पहिले तूच जाशी."

दुसऱ्या दिवशी त्यानेच फुले वेचून माझ्यावरून तिच्या टोपलीत ओतली. तिने ती तशीच खाली ठेवली. झाडाखाली पूजा झाल्याशिवाय फुले घरी न्यायची नसतात.

"देवले दिधं नही अजून. मी कशी खाऊ?"

बिचारा उदेसिंग ओशाळला.

मग दर चैत्रात ती यायची आणि माझे गज धरून झाडाकडे पाहत राहायची. वाऱ्यावर मोहाचा वास यायचा, आत फुले कुजायची. मला उघडावेसे वाटे, फार वाटे. पण फाटकाला कोण विचारतो?

पुढे एका वर्षी तळ हलला. उदेसिंग गेला, किल्ली साहेबांबरोबर गेली, कुंपणाच्या तारा कोणी कोणी नेल्या. चैत्रात फुलीबाई आली. केस पिकले होते. वाट चहूकडून मोकळी होती, तरी ती माझ्यासमोरच थांबली. शब्द दिला होता ना उदेसिंगने! तिने कुलूप हलवून पाहिले, बराच वेळ वाट पाहिली आणि मग वळसा घालून गेली. झाड एका अंगाने जळले होते, दुसऱ्या अंगाने फुलले होते. तिने तिथे दिवा लावला.

इतकी वर्षे ज्या दिवसाची मी आस धरली, त्या दिवशीही मी बंदच होते.

मित्रांनो, मला रंग नको, तेल नको. कोणीतरी हे कुलूप तेवढे तोडा. चैत्र जवळ आला आहे, आणि फुलीबाई अजूनही आधी माझ्यासमोरच येऊन उभी राहते.